पहाटे साडेपाचचा चीन

प्रवासवर्णनात प्रवासी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो, हे इतके उघड मानले जाते की कोणत्याही अभ्यासकाने ते स्वतंत्रपणे सिद्ध करण्याचे कष्ट घेतलेले नाहीत. परंतु २०२० ते २०२२ या काळात नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील जी मुले चिनी विद्यापीठांत वैद्यकीय शिक्षण घेत होती, त्यांच्या प्रवासाला हा नियम लावता येत नाही, कारण या प्रवासात प्रवासी गच्चीवर सतरंजी टाकून बसलेला होता आणि चीन रोज पहाटे त्याच्या घरी येत होता. त्या वेळच्या अधिकृत आकडेवारीनुसार चिनी विद्यापीठांत नोंदलेल्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या २३ हजारांहून अधिक होती आणि त्यांतले बहुतेक एमबीबीएसचे होते. त्यांत मराठवाड्याची मुले असावीत यात नवल काहीच नाही. नसती तर मात्र लातूरच्या शिक्षणतज्ज्ञांनी त्याची कारणे शोधण्यासाठी सराव परीक्षा घेतली असती.

लातूर पॅटर्न या नावाने महाराष्ट्रभर ओळखली जाणारी अभ्यासपद्धती ऐंशीच्या दशकापासून राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांत आकाराला आली, आणि तिचे सार सांगायचे तर आधी जादा तास, मग सराव परीक्षा, मग त्या परीक्षेत काय चुकले हे पाहण्यासाठी आणखी एक सराव परीक्षा, असा तिचा क्रम असतो. या पद्धतीतून दरवर्षी मुले शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत जातात. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्था या दोन इमारतींकडे पाहतच तेथील पालकांची एक पिढी म्हातारी झाली आहे. तथापि या पद्धतीतून एक तिसरा वर्गही बाहेर पडतो, ज्याचे ‘नीट’ परीक्षेतील गुण सरकारी जागेला कमी आणि घरी बसायला जास्त असतात. अशा मुलाचे वडील खासगी महाविद्यालयाचे शुल्क विचारून येतात, रात्रभर काही बोलत नाहीत, सकाळी सातबारा बाहेर काढतात, पुन्हा आत ठेवतात, आणि त्याच आठवड्यात कोणीतरी त्यांना कन्सल्टन्सीत, म्हणजे परदेशी प्रवेश जुळवून देणाऱ्या मध्यस्थाच्या कचेरीत, नेऊन बसवते. तेथे चहा येतो, भिंतीवरच्या नकाशात चीन मुंबईपेक्षा फारसा लांब दिसत नाही, आणि मुलगा डॉक्टर होण्याच्या मार्गाला लागतो.

जानेवारी २०२० मध्ये ही मुले हिवाळी सुट्टीसाठी घरी आली. चिनी नववर्ष त्या साली २५ जानेवारीला होते, विद्यापीठे तेव्हा महिनाभर बंद असतात, आणि त्यामुळे बहुतेकांच्या हाती महिन्याभराच्या कपड्यांची एक बॅग आणि परतीचे तिकीट एवढेच होते. करोनाच्या साथीमुळे वुहानमध्ये अडकलेल्या ६४७ भारतीयांना फेब्रुवारीच्या पहिल्या दोन दिवसांत एअर इंडियाच्या दोन विमानांनी दिल्लीला आणले गेले, ही बातमी गावात पोहोचली आणि आदल्या महिन्यापर्यंत ज्या मुलाला शेजारी ‘आमचे डॉक्टर’ म्हणत होते, त्याच्या दारावरून जाताना तेच शेजारी उपरण्याचा पदर नाकाला लावू लागले. तो वुहानपासून हजार किलोमीटरवर शिकत होता, हा खुलासा ऐकण्याइतके जवळ कोणी येत नव्हते. पुढे २८ मार्चपासून चीनने परदेशी नागरिकांचा प्रवेशच थांबवला. त्याच सुमारास देशभराच्या टाळेबंदीमुळे पंजाबातून आलेले हजारो भाविक नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारात अडकून पडले होते, म्हणजे ज्यांना नांदेडहून जायचे होते ते सगळेच नांदेडात होते. फरक इतकाच की भाविकांसाठी एप्रिलअखेरीस बसगाड्या निघाल्या आणि विद्यार्थ्यांची सुट्टी पुढे अडीच वर्षे चालली.

चिनी विद्यापीठांनी मग वर्ग ऑनलाइन सुरू केले, आणि येथे भूगोलाने आपला पहिला विनोद केला. संपूर्ण चीनमध्ये एकच प्रमाणवेळ पाळली जाते व ती भारतीय वेळेच्या अडीच तास पुढे असते. म्हणून तेथील सकाळी आठचा तास नांदेडच्या पहाटे साडेपाचला, काकड आरतीच्या सुमारास, सुरू होत असे. खोलीत नेटवर्क येत नसल्याने विद्यार्थी गच्चीवर जाई, पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसे, मोबाइल लोणच्याच्या रिकाम्या बरणीला टेकवून ठेवी आणि हजेरीचे बटण दाबे, कारण ते दोन मिनिटांत दाबले नाही तर विद्यार्थी गैरहजर ठरे, मग भले तो पुढचे दोन तास डोळे ताणून बसलेला असो. पडद्यावर मास्क लावलेले प्राध्यापक रिकाम्या बाकांसमोर उभे राहून यकृताची रचना समजावून सांगत. त्यांचे इंग्रजी चिनी वळणाचे, ऐकणाऱ्याचे मराठवाडी वळणाचे, आणि मधल्या प्रवासात नेटवर्क जेवढे अक्षर खाईल तेवढे खाई, त्यामुळे यकृत नेमके उजवीकडे की डावीकडे हा प्रश्न काही काळ खरोखरच खुला राहत असे. आजी मात्र या व्यवस्थेवर निहायत खूश होती, कारण ज्या नातवाला दहावीच्या वर्षीही पहाटे कोणी उठवू शकले नव्हते तो आता आपण होऊन उठत होता, आणि वरून ऐकू येणारा तो अखंड, न समजणारा स्वर तिला एकंदरीत धार्मिकच वाटत असे. दुपारी तीनला चीनमधील दिवस संपे. त्यानंतर विद्यार्थी भारतात येऊन झोपत असे.

प्रात्यक्षिकांचा प्रश्न अधिक नाजूक होता. वैद्यकीय शिक्षणात शवविच्छेदन, प्रयोगशाळा आणि रुग्णाच्या खाटेजवळचे शिक्षण यांना पर्याय नसतो, परंतु पडद्यावर सहा इंचांत दिसणाऱ्या प्रेतावर प्राध्यापक सुरी चालवत असताना खालून आईने चहासाठी हाक मारावी, ही स्थिती जगातील कोणत्याही वैद्यकीय अभ्यासक्रमात पूर्वी गृहीत धरलेली नव्हती.

दुसरा विनोद राजकारणाने केला. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात चकमक झाली आणि २९ जूनला भारत सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत वीचॅट हे संदेश व व्यवहारांसाठी चीनमध्ये सर्वत्र वापरले जाणारे ॲप होते. ज्या विद्यार्थ्यांच्या वर्गांच्या सूचना, परीक्षांचे वेळापत्रक आणि कार्यालयाशी होणारा पत्रव्यवहार वीचॅटवर चालत असे, त्यांचे महाविद्यालय एका संध्याकाळी अधिसूचनेने बंद झाले. २४ नोव्हेंबरला आणखी ४३ ॲप गेले आणि त्यांत अनेक विद्यापीठे वर्ग घेण्यासाठी वापरत असलेले डिंगटॉकही होते. या बंदीचे समर्थन करणारे काका त्या काळात प्रत्येक घरात होते. ते ओसरीवर बसून चिनी मालावर बहिष्काराचे आवाहन शेजाऱ्यांच्या गटांवर पाठवत, तो संदेश ज्या मोबाइलवरून जाई तो चिनी कंपनीचा असे, आणि वरच्या गच्चीवर पुतण्या चीनमध्ये तिसऱ्या वर्षाला असे. मग व्हीपीएन आले, म्हणजे मोबाइल कोणत्या देशात आहे हे लपवणारी आडवाट. या सोयीमुळे नांदेडचा विद्यार्थी सिंगापुरात असल्याचे भासवून चीनमधील वर्गाला बसू लागला, आणि एकाच वेळी तीन देशांत असूनही गावाबाहेर पाऊल न टाकणारा प्रवासी ही वाङ्मयाला अपरिचित अशी व्यक्ती निर्माण झाली.

गावाबाहेर पाऊल न टाकण्यामागे कारण होते. नांदेड ते लातूर हा लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर असा जाणारा रस्ता एरवी तीन तासांचा. परंतु टाळेबंदीत जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास, म्हणजे पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज करून मिळणारा परवाना, आवश्यक झाला आणि माळाकोळी व अहमदपूर यांच्या दरम्यानची हद्द, जिच्याकडे तोवर एसटीच्या प्रवाशांनी ढुंकूनही पाहिले नव्हते, एकाएकी आंतरराष्ट्रीय सीमेच्या थाटात उभी राहिली. अशा नाक्यांवर जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनाही कामाला लावले गेले होते, आणि शाळा बंद पण शिक्षण सुरू अशी त्या वर्षीची घोषणा असली तरी शिक्षक कुठे सुरू आहेत हे पाहायचे तर बांबूच्या अडसराशी, रेशनच्या दुकानाशी किंवा ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत दारोदार ताप मोजताना पाहावे लागे. नेट बरे मिळेल म्हणून लातूरच्या मामाकडे परीक्षा द्यायला निघालेला विद्यार्थी नाक्यावर थांबे, तेव्हा वहीत नोंद करणारे गृहस्थ त्याचेच चौथीचे गुरुजी निघण्याची शक्यता कमी नव्हती, आणि मग संवाद साधारणपणे पुढीलप्रमाणे होई.

“काय करायलास रे आता?”

“एमबीबीएस करायलो सर. चीनमध्ये.”

“मग इथं काय करायलास?”

“तेच करायलो सर.”

गुरुजी थोडा वेळ रस्त्याकडे पाहत, परवान्यावर अंत्यविधी, विवाह आणि वैद्यकीय यांपैकी काय लिहिले आहे ते तपासत, आणि तिसऱ्या कारणापुढे खूण असलेली पाहून समाधानाने अडसर वर करत. त्या दिवशी नाक्यावरून गेलेल्या सर्व वैद्यकीय कारणांत हे एकच कारण अक्षरशः खरे असण्याचा संभव होता.

या मुलांची चेष्टा इथपर्यंतच शोभते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ८ फेब्रुवारी २०२२ रोजी केवळ ऑनलाइन घेतलेले वैद्यकीय शिक्षण मान्य होत नसल्याचे पुन्हा बजावले. परदेशी पदवीधरांना भारतात वैद्यकी करण्यासाठी द्यावी लागणारी जी परीक्षा, तिला २०१५ ते २०२१ या काळात बसलेल्या चीनच्या ४०,४१७ विद्यार्थ्यांपैकी ६,३८७ उत्तीर्ण झाले होते, म्हणजे जेमतेम १६ टक्के. चीन येऊ देत नाही, भारत घरबसल्या शिकलेले मानत नाही, विद्यापीठ शुल्क मात्र वेळेवर मागते, अशा तिहेरी पेचात सापडलेल्या बापाने बँकेच्या हप्त्याचा संदेश वाचून मोबाइल उपडा ठेवला, तर त्यात विनोदाची भर घालण्याचे काम नियमांनीच केले होते, लेखकाला काही करावे लागत नाही.

२०२२ च्या एप्रिलअखेरीस काही विद्यार्थ्यांना गरजेनुसार परत येऊ देण्याची तयारी चीनने दाखवली आणि बीजिंगच्या भारतीय दूतावासाने इच्छुकांना ८ मेपर्यंत माहिती भरण्यास सांगितले. ही माहिती गुगल फॉर्मवर भरायची होती, आणि गुगल चीनमध्ये बंद आहे. म्हणजे चीनला जायचे असेल तर अर्ज चीनमध्ये न उघडणाऱ्या कागदावर करायचा होता, पण अर्जदार चीनमध्ये नसल्यानेच अर्ज करत असल्याने या विसंगतीचा प्रत्यक्ष त्रास कोणालाही झाला नाही. विद्यार्थ्यांचे व्हिसा २४ ऑगस्टपासून सुरू झाले. थेट विमाने २०२० पासून बंद होती (ती २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत बंदच राहिली), त्यामुळे एका बाजूच्या तिकिटाने लाखाचा आकडा ओलांडला, आणि धपाटे, येसर व शेंगदाण्याची चटणी अशी शिदोरी घेऊन देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला निघालेला विद्यार्थी दोन विमाने बदलून चीनला पोहोचला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सप्टेंबर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकासोबत मुंबईहून बोटीने निघाले, जपानने आक्रमण केलेल्या देशातून वाट काढत फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले आणि पुढे कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी चिनी विद्यार्थ्यांना शिकवलेही. त्यांना सुमारे पाच महिने लागले. नांदेडच्या मुलाला, युद्ध नसताना आणि विमान असताना, अडीच वर्षे लागली.

उतरल्यावर त्याला विद्यापीठात नव्हे तर विलगीकरणाच्या हॉटेलात नेण्यात आले, कारण त्या वेळच्या नियमाप्रमाणे बाहेरून येणाऱ्याने सात दिवस ठरवून दिलेल्या ठिकाणी आणि नंतर तीन दिवस घरी एकांतात राहायचे होते. पांढऱ्या संरक्षक पोशाखातील कर्मचारी, ज्यांना चिनी लोक दाबाय म्हणजे ‘मोठे पांढरे’ म्हणत, घशात काडी घालायला येत आणि दाराबाहेरच्या स्टुलावर जेवणाचा डबा ठेवून निघून जात. डब्यात भात आणि ओळख न देणारी भाजी असे, आणि तीवर चटणी पसरली की ती लातूर जिल्ह्यात मोडे. मोबाइलमधील आरोग्य कोड हिरवा असेल तर माणसाला हिंडता येई, पिवळा असेल तर घरी बसावे लागे आणि लाल असेल तर नेले जाई. हे हॉटेलच्या खोलीत बसून समजून घेताना विद्यार्थ्याने वर्गाची चौकशी केली, तेव्हा वर्ग तूर्त ऑनलाइनच असल्याचे त्याला कळवण्यात आले. मोबाइल कशाला टेकवावा हा प्रश्न त्याला पडला नाही. बरणी त्याने बरोबर आणली होती, यावेळी भरलेली.

एक लाभ मात्र निर्विवाद होता: सकाळी आठचा तास आता सकाळी आठलाच होता. घरी फोन करायचा तर व्हॉट्सॲप चीनमध्ये बंद आणि वीचॅट भारतात बंद, तेव्हा मुलाने तिकडच्या बाजूने पुन्हा व्हीपीएन लावले. डिसेंबरच्या ७ तारखेला चीनने बहुतेक निर्बंध एका फटक्यात सैल केले, संसर्ग पसरला, अनेक विद्यापीठांनी सत्र लवकर गुंडाळून उरलेले तास ऑनलाइन केले, आणि ८ जानेवारी २०२३ पासून बाहेरून येणाऱ्यांचे विलगीकरणही रद्द झाले. ही बातमी काकांनी ओसरीवर वाचली आणि थोडे थांबला असतास तर हॉटेलचे पैसे वाचले असते, असे पुतण्याला कळवले.