मंडईचा पाहुणा आणि धाब्यावरची थाली

शेजारच्या काकूंच्या आणि माझ्या सांदवाडीत, म्हणजे परसात, कुंपण आहे ते नावापुरतं. काटक्या कधीच्याच कुजल्या. वालाचा वेल धरून आहे म्हणून ते उभं दिसतं इतकंच. रविवारी सकाळी तर्री पोह्यांचा पुडा लपवत मी मागच्या दारानं घरात शिरत होते, तर वेलापलीकडून आवाज आला.

"काहून वो बाई, चूल पेटली नाई का आज?"

आमची मुर्री गोंदियाला इतकी खेटून, की गावात हॉटेल नसलं तरी अडत नाही. मी विचारलं, "काकू, एवढं गोंदिया उशाशी असून तुम्ही कधी हॉटेलात गेलाच नाहीत?"

"गेली ना. बसली नाई."

म्हणजे काका आत बाकड्यावर कट चहा घेत, आणि काकू बाहेर बैलगाडीत. आलूबोंडा कागदात गुंडाळून गाडीपाशी यायचा. गोंदियात बटाटावडा मागितला तर मालक आधी तुमचं गाव विचारेल. इथं तो आलूबोंडाच. भाषा बशीतच कळते. काकूंचे सासरे म्हणत, हॉटेल आपल्या मुलखात रेल्वेनं आणलं. मला ते पटतं. 1880 च्या दशकात नागपूरहून राजनांदगावकडे रूळ गेले, पुढं ते बंगाल-नागपूर रेल्वेकडे आले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालाघाट, नैनपूर, जबलपूरकडे जाणारी छोटी लाईन गोंदियाहून फुटली. एक गाडी सोडून दुसरीची वाट बघणारा माणूस भुकेला असणारच. त्याच्यासाठी चहा, भजी, भोजनालय. मग धानाच्या गिरण्या, बिडीचा धंदा, मारवाडी आणि गुजराती पेढ्या. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली आणि त्यांच्याबरोबर दाल-पकवान. थोडक्यात, हॉटेल ही घर लांब असणाऱ्याची सोय. मुर्रीच्या माणसाचं घर कुठं लांब होतं?

"पन मामाजी भजे खाऊ देत नव्हते," काकू वालाच्या शेंगा खुडत म्हणाल्या. "बेसनात लाखोरी मिसरते मनत."

लाखोळीची ही धास्ती उगीच नव्हती. धान कापायच्या आधीच बांधीत फेकायची, नांगरट नको, पाणी नको. गरिबाची डाळ ती. पण तीच ती सतत खाल्ली तर पाय लुळे पडतात, म्हणून 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली. बंदी आली तरी पीक थांबलं नाही, आणि काकूंच्या हातचे लाखोळीचे वडे मी स्वतः खाल्लेत.

"मग घरी चालते, हॉटेलात का नाही?"

"घरी लाखोरी मनून खाते ना वो. तेथं बेसन मनून खाते."

आता खरी गोष्ट. काकूंना पोह्यांचं काही पडलेलं नव्हतं. त्यांच्या पोटात दुसरंच खदखदत होतं. कोपऱ्यावरच्या घरानं यंदा मंडईचे पाहुणे धाब्यावर जेवायला नेले!

झाडीपट्टीबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळीत गायगोधन झालं की गावोगाव मंडया भरतात. शेजारच्या गावाशी दिवस भिडू नये असं ठरवून. दुपारी गोवारींचा नाच, दंडार. दुकानांत शिंगाडे, जिलबी, बांगड्या. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, सोयऱ्यांचे सोयरे येतात. उपवर मुलीला कोणी बघायला आलंय असं न म्हणता बघून जातात. निम्मी लग्नं तिथंच जुळतात. आणि रात्री दहानंतर नाटक, ते पहाटेपर्यंत. नाटक मंडळ्यांचं मोठं ठाणं वडसा, कागदोपत्री देसाईगंज. याच झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "आता तरी पुन्यावाल्याईले समजन." मंडईच्या त्या एका दिवशी प्रत्येक घर म्हणजे भोजनालय. पाहुणा कोणाचा, हे विचारायची रीत नाही. बसला की पान वाढायचं.

"आन हे धाब्यावर नेते!" काकूंचा आवाज चढला. "पनीर खाऊन जावई आला, आन राती अकरा वाजता माह्या दारी उभा. मावशी, भात आहे का मनते."

"होता?"

"नसन कसा? मंडईचा दिवस!"

मला हसू आवरेना. पण एक विचारल्यावाचून राहवलं नाही. "काकू, मंडईच्या रात्री तुमच्याकडं जेवायला किती असायचे?"

"चाळीस. एका वर्सी साठ."

"आणि रांधायला?"

"मी, आन जाऊ. सासूबाई चुलीपाशी बसून बोट दाखवत."

"मग नाटक?"

काकूंचा हात वेलात थांबला. नाटक त्यांनी दरवर्षी पाहिलंय, पण दुसऱ्या अंकापासून. भांडी घासून, राख सारून शामियान्यात पोचेपर्यंत पहिला अंक कधीच सरलेला. नायिकेचं लग्न कसं जुळलं, हे कुठल्याच नाटकात त्यांना ठाऊक नाही. त्यांची नायिका पहिल्यापासून रडतच असते.

कोपऱ्यावरच्या घरची सून यंदा पडदा उघडायच्या आधीच पुढच्या रांगेत बसली होती. पायात पैंजण, हातात शिंगाड्यांचा पुडा. हे मी काकूंना सांगितलं. सांगायला नको होतं की काय, असं वाटलं, कारण बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. चार शेंगा ओटीत टाकल्या. एक जून निघाली ती गाईकडे फेकली.

मग वेल बाजूला सारून त्या अगदी जवळ आल्या, आणि घरातल्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "त्या धाब्यावर थाली केवढ्याची वो?"

मी आकडा सांगितला. काकूंनी बोटांवर पाहुणे मोजले, तोंड वाकडं केलं आणि माझा पोह्यांचा पुडा पलीकडे ओढून घेतला.

"तर्री पातर हाय," त्या म्हणाल्या.

पुडा मात्र रिकामाच परत आला.