टाके सुकले, श्वासाचं काय?

पनवेलच्या खांदा कॉलनीत कुणाचं ऑपरेशन ठरलं की चौकश्या ठरलेल्या असतात. सर्जन कोण? खर्च किती? मेडिक्लेम आहे ना? डिस्चार्ज कधी? भूल कोण देणार, हे मात्र कुणी विचारत नाही. पेशंटसुद्धा नाही.

पेशंट साठीच्या पुढचा आणि पोट सुटलेला असेल, तर पहिला प्रश्न तोच हवा.

ऑपरेशन हर्नियाचं असो, पित्ताशयाचं असो की आतड्याचं. सर्जन बाहेर येतात, ‘व्यवस्थित झालं’ म्हणतात, घरचे निवांत चहाला जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगात कणकण. छातीत घरघर. बोटाच्या चिमट्यावर ऑक्सिजन नव्वदीच्या खाली. मग एक्स-रे, मग आयसीयू. नातेवाईक चक्रावतात: ऑपरेशन पोटाचं होतं ना? मग छातीला काय झालं?

छातीचं दुखणं टेबलावरच सुरू झालेलं असतं.

भूल दिली की स्नायू सैलावतात. माणूस उताणा असतो. पोटातली चरबी श्वासपटलाला वर ढकलते, फुप्फुसाचा तळ दबतो आणि तिथले वायुकोश मिटतात. थोड्याफार प्रमाणात हे जवळजवळ प्रत्येक पेशंटचं होतं. सडपातळ माणसाचे लवकर उघडतात. फार वजनदार माणसाचे दुसऱ्या दिवशीही मिटलेलेच सापडतात. त्यात टाके दुखतात, म्हणून तो खोल श्वास घेत नाही. खोकायला घाबरतो. कफ साचतो, आणि साचलेल्या कफावर न्यूमोनिया पोसला जातो.

वयाचं गणित वेगळंच. भूलशास्त्राच्या पुस्तकांत दोन आकडे असतात, ४४ आणि ६६. साधारण ४४व्या वर्षी माणूस आडवा झाला की नेहमीच्या श्वासातही तळाच्या बारीक श्वासनळ्या मिटू लागतात. ६६च्या आसपास तेच बसल्या बसल्या होतं. यात आजार कुठलाच नाही, नुसतं वय आहे. त्यावर ढेरी ठेवा. त्यावर तीन तासांचं ऑपरेशन ठेवा.

आता तरी भूलतज्ज्ञाचं नाव विचाराल?

ऑपरेशनआधीची तपासणी आठवा. दमा आहे? नाही. विडी-सिगारेट? नाही. कवळी? नाही. बाबांची उत्तरं खटाखट. तेवढ्यात आई म्हणते, ‘घोरतात हो फार. मध्येच श्वास अडकतो, मग दचकून उठतात.’ सगळे हसतात, बाबा वैतागतात, विषय मिटतो.

तो मिटू देऊ नका. त्या खोलीत तेवढ्या वेळात बोललं गेलेलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच होतं.

झोपेत घसा मिटून श्वास थांबण्याचा हा विकार. जाड मानेच्या, वजनदार माणसांत जास्त. घरी श्वास अडला की मेंदू दचकून जागं करतो. ऑपरेशननंतर अंगात मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक असेल, तर तो दचका उशिरा येतो. कधी येतच नाही. ऑपरेशन निर्विघ्न पार पडलेल्या माणसाची त्या रात्रीची झोप धोक्याची ठरते ती अशी.

हा विकार ओळखायला महागडी चाचणी लागते का? पहिल्या पायरीला नाही. टोरोंटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली आठ प्रश्नांची यादी जगभर वापरतात. मोठ्यानं घोरता? दिवसा पेंगता? झोपेत श्वास थांबताना कुणी पाहिलंय? रक्तदाब आहे? बीएमआय ३५च्या वर? वय ५०च्या वर? मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त? पुरुष? तीन ‘हो’ झाले की सावध व्हायचं, पाच झाले की फारच.

साठीचा पुरुष, रक्तदाबाची गोळी चालू. घोरण्याचा विषय निघण्याआधीच तीन ‘हो’ झाले!

‘आमचं वजन काही एवढं नाही’ म्हणणाऱ्यांसाठी एक पुणेरी पुरावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडीनं काढलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’नं छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपली चरबी काट्यावर दिसत नाही, पट्ट्याच्या भोकांत दिसते. म्हणून भारतीय पुरुषाच्या कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि बाईची ८०. श्वासपटलाला वर रेटणारी चरबी याच पट्ट्याच्या आतली.

काटा सोडा, टेप घ्या.

मग सगळा दोष जाडीचाच? थांबा. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २००६ मध्ये तोवरचा पुरावा चाळला आणि नुसत्या लठ्ठपणाला छातीच्या गुंतागुंतीचा मोठा कारक मानलं नाही. वय, जुना श्वसनविकार, हृदय कमजोर असणं, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागणं, रक्तात अल्ब्युमिन कमी असणं, हे त्यांना जास्त धोक्याचं वाटलं. अतिलठ्ठ माणसाची आणि झोपेत श्वास अडणाऱ्याची गोष्ट निराळी. पण ‘जाड आहात, कमी करा’ एवढं बोलून केसपेपर मिटवणाऱ्या डॉक्टरांनी ही यादी टेबलाच्या काचेखाली ठेवावी. लाजवल्यानं वजन उतरत नाही. पेशंट तेवढा यायचा थांबतो.

आणि ऑपरेशन तीन आठवड्यांवर आलं म्हणून सत्तरीच्या आईला काकडी-टोमॅटोवर ठेवणाऱ्या मुलांनीही ऐकावं. चरबी तशीच राहते, स्नायू झडतात. खोकायला स्नायूच लागतात ना? वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधीचा ठरावीक आहार डॉक्टर देतात, तो वेगळा. एरवी त्या वयात डाळ, उसळ, अंडं, दूध हीच पहिली तयारी.

दुसरी तयारी सिगारेटची. किमान चार आठवडे आधी बंद. ‘उद्या ऑपरेशन, आज शेवटची’ याला तयारी म्हणत नाहीत.

तिसरी तयारी जिन्याची. कॉलनीतल्या कितीतरी जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. वर्षानुवर्षं आपण त्यावर चरफडतो. पण दोन मजले न थांबता चढता येतात का, हा डॉक्टरांचा जुना प्रश्न आहे आणि आपल्या दारातच त्याचं उत्तर आहे. पहिल्याच मजल्यावर कठडा धरून उभं राहावं लागत असेल, तर ते घरच्यांपाशी लपवा हवं तर, भूलतज्ज्ञापाशी लपवू नका. लपवून नुकसान कुणाचं?

ऑपरेशननंतर मात्र आपली माया आडवी येते. ‘नका उठवू, आराम करू द्या.’ सिस्टर खुर्चीत बसवायला येतात आणि मुलगी त्यांच्याशी भांडते. आत्या रडते. शेजारचे काका सांगतात, पंधरा दिवस हलायचं नाही.

सिस्टरच बरोबर आहेत.

बोस्टन मेडिकल सेंटरनं २०१३ मध्ये आपला अनुभव मांडला. खोल श्वास, खोकणं, दात घासून तोंड स्वच्छ ठेवणं, पलंगाची उशाकडची बाजू उंच ठेवणं, दिवसातून किमान तीनदा पलंगावरून उतरणं, आणि हे सगळं का करायचं ते पेशंटला व घरच्यांना समजावणं. हा नेम धरल्यावर तिथला न्यूमोनिया कमी झाला. यात परदेशी काय आहे? टूथब्रश पनवेलच्या कुठल्याही दुकानात मिळतो.

श्वासाच्या व्यायामासाठी तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र आपण हौसेनं विकत घेतो. ते एकट्यानं फार काही साधतं असा भक्कम पुरावा नाही. पोटाशी उशी दाबून खोकणं आणि डॉक्टरांनी सांगितल्या दिवशी दोन पावलं टाकणं याला पैसे पडत नाहीत. म्हणूनच बहुधा त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

सगळ्यात मोठा पुरावा तर अर्ध्या तासाचा आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांआधी ४४१ पेशंट निवडले. निम्म्यांना नुसतं माहितीपत्रक. उरलेल्यांना पत्रकासोबत फिजिओथेरपिस्टनं ऑपरेशनआधी एकदाच, ३० मिनिटं बसून श्वास कसा घ्यायचा, का घ्यायचा, कधी सुरू करायचा ते शिकवलं. ‘बीएमजे’त २०१८ मध्ये निकाल आला. छातीची गुंतागुंत पत्रकवाल्यांत २७ टक्के, शिकवलेल्यांत १२ टक्के.

अर्धा तास. तोही ऑपरेशनच्या आधी. आपण फिजिओला बोलावतो ते आयसीयूतून बाहेर आल्यावर.

इस्पितळाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात ही अर्ध्या तासाची ओळ शोधा. नसेल तर लिहून मागा. दोन लाखांच्या आकड्यावर आपण घासाघीस करतो, मग ही ओळ मागायला संकोच कसला?

पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी झाली. १ ऑक्टोबर हाच ज्येष्ठ नागरिक दिन. त्या दिवशी शाल आणि श्रीफळ द्या, जरूर द्या. सोबत नागरी आरोग्य केंद्रात एक फिजिओथेरपिस्ट, एक भूलतज्ज्ञ आणि मान-कंबर मोजायचा एक टेप ठेवा. ऑपरेशनची तारीख मिळालेल्या प्रत्येक आजी-आजोबांना अर्धा तास द्या, आणि पुढच्या १ ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला हेच चालू ठेवा. नगरसेवक मंडळी, तुमच्या प्रभागात पहिला वार कुठला ठरवताय?