अ‍ॅपलेटचं माहेर

२००२ साली एका साखर कारखान्याचं काम मी अंगावर घेतलं. काम सोपं आहे, असं मीच म्हणालो होतो. गटऑफिसातल्या क्लार्कने ब्राउझर उघडायचा, शेतकऱ्याचा कोड घालायचा आणि काट्यावर त्याचा ऊस किती टन भरला ते पडद्यावर बघायचं. डेटाबेस कारखान्यात, क्लार्क अठ्ठावीस किलोमीटर लांब, मधे एक मोडेम आणि मी. पंधरा दिवसांत देतो म्हणालो.

पुण्यात माझ्या मशीनवर सगळं झकास चाललं. डेटाबेसच्या पत्त्याच्या जागी मी ‘लोकलहोस्ट’ लिहिलं होतं. लोकलहोस्ट म्हणजे ‘आपलं घर’. कोणाचं, ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं. गटऑफिसात पोचल्यावर माझ्या अ‍ॅपलेटने (ब्राउझरमध्ये उतरून चालणारा जावाचा छोटा प्रोग्राम) आपलं घर म्हणजे क्लार्कचा पीसी असं इमानाने धरलं. तिथे पत्त्यांचा डाव होता, डेटाबेस नव्हता.

खरा पत्ता घातला, तर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. तेव्हा कुठे मी जावाचं पुस्तक नीट वाचलं. अ‍ॅपलेट ही सासुरवाशीण असते. वेबसर्व्हर तिचं माहेर. तिथून पाठवणी होऊन ती परक्याच्या ब्राउझरमध्ये नांदायला येते. घरातल्या फायलींना हात लावायचा नाही आणि बाहेर बोलायचं तर फक्त माहेरी. (उपमा जुनाट आहे, पण नियमही तसाच आहे.) माझा डेटाबेस वेबसर्व्हरच्या शेजारच्या मशीनवर होता. त्याच खोलीत, त्याच टेबलावर, हातभर अंतरावर. पण माहेर ते माहेर, तिथे मावशीचं घर चालत नाही.

नियम उगाच नव्हता. कुठून तरी उतरलेला प्रोग्राम ऑफिसातल्या आतल्या मशीनांशी गुजगोष्टी करू लागला, तर दारातला फायरवॉल काय कामाचा? सही केलेल्या अ‍ॅपलेटला मात्र सूट होती. मी सही केली. पडद्यावर खिडकी आली : यावर विश्वास ठेवायचा का? क्लार्कने शांतपणे ‘नाही’ दाबलं.

“अहो, हो म्हणा ना!”

“नाही साहेब. मेव्हण्याच्या लोनला जामीन राहून बघितलंय एकदा.”

अ‍ॅपलेट आता गेलं. क्रोमने २०१५ मध्ये त्याला दार लावलं, २०१७ मध्ये जावा ९ ने निवृत्तीची नोटीस दिली. माहेरचं खूळ मात्र ब्राउझरमध्ये नेटस्केपच्या काळापासून, म्हणजे १९९५ पासून आहे, आणि ते कुठे गेलेलं नाही. माझी भाची हल्ली ‘कॉर्स एरर’ म्हणत कपाळाला हात लावते, तेव्हा मला जुनं स्थळ ओळखू येतं. फरक इतकाच, की आता ब्राउझर कित्येकदा आधी निरोप्या धाडतो : आमच्याकडची पोरगी तुमच्याशी बोलू म्हणतेय, चालेल ना? समोरून होकार आला नाही की बोलणी तिथेच मोडतात.

तर, मी डेटाबेसच उचलून माहेरी आणून ठेवला. मायएसक्यूएल ३३०६ नंबरच्या पोर्टवर बसतो. अ‍ॅपलेट तिकडे गेलं आणि परत काही आलं नाही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं असतं तरी बरं. त्यात निदान कोणी दार किलकिलं करून ‘नाहीत घरी’ म्हणतं. इथे ‘टाइम आउट’. कडी वाजवत राहा, आत कोणी आहे की नाही तेही कळत नाही. हे काम फायरवॉलचं. ईडीपीच्या, म्हणजे कारखान्याच्या संगणक विभागाच्या, साहेबांकडे गेलो.

“साहेब, ३३०६ उघडा.”

“८० उघडं आहे.”

“ते वेबचं.”

“मग वेबमधून या.” त्यांनी चष्मा काढला. “सभासदाला ऊस मोजून दाखवायला आपण गव्हाणीवर नेतो का? खिडकीवर स्लिप मिळते. आणि डेटाबेसचा पासवर्ड कुठे ठेवलाय तुम्ही?”

पासवर्ड अ‍ॅपलेटच्या पोटात होता. म्हणजे येईल त्या पाहुण्याच्या खिशात मी तिजोरीची किल्ली घालून पाठवत होतो. मी विषय बदलला.

पण खिडकीचं डोक्यात बसलं. सर्व्हरवर एक सर्व्हलेट बसवलं. अ‍ॅपलेटने ८० नंबरच्या खिडकीवर यायचं, कोड सांगायचा. आतल्या आत डेटाबेसशी काय बोलायचं ते सर्व्हलेट बोलणार आणि आकडा बाहेर सरकवणार. दोन दिवसांत झालं. पंधरा दिवसांचं काम एकूण अडीच महिन्यांत संपलं, यातले दोन दिवस तरी मी खरे ठरवले.

क्लार्कने कोड घातला. मोडेम किरकिरला होताच. आकडा आला : १२.३७० टन. मी खुर्चीत मागे रेललो. क्लार्कने आकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. गटऑफिसात टेलिफोनची लाइन एकच होती. त्याने मोडेममधली वायर उपसली, फोनला लावली आणि वजनकाट्यावर फोन केला. कोड सांगितला, ऐकून घेतलं, पाकिटाच्या मागे लिहिलं, पडद्याशी ताडून पाहिलं.

“जुळतंय की हो, साहेब,” तो खुशीने म्हणाला. आणि मग फोनमध्ये, “उद्या पण याच वेळेला करतो रे.”