हसा, साहेब बोलताहेत!

खडूस साहेबाचा एक फायदा असतो: तो केबिनमध्ये बसतो. खरा ताप मनमिळाऊ साहेबाचा. हा सकाळी कॉफीचा मग घेऊन तुमच्या टेबलाच्या कडेवर बूड टेकवतो आणि काल मोबाइलवर आलेला विनोद साभिनय सांगतो. इकडे फोनवर पार्टी खोळंबलेली असते. तरी हसावं लागतं, कारण अप्रेझल जवळ आलेलं असतं. आणि त्या हसण्यावरूनच त्याची खात्री पटते की आपण ऑफिसचा जीव की प्राण आहोत.

या जमातीचा मुकुटमणी म्हणजे ‘द ऑफिस’ या अमेरिकन मालिकेतला मायकल स्कॉट. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनमध्ये डंडर मिफ्लिन या कागद विकणाऱ्या कंपनीची शाखा आहे, तिचा हा मॅनेजर. स्टीव्ह कॅरेलने तो असा वठवलाय की पाहताना आपल्याच कानाच्या पाळ्या तापतात. मूळ मालिका ब्रिटिश; अमेरिकेतला पहिला भाग जवळजवळ तिच्यावरूनच गिरवलेला होता. २९ मार्च २००५ रोजी आलेल्या ‘डायव्हर्सिटी डे’ या दुसऱ्या भागात हा साहेब स्वतःच्या पायावर उभा राहिला, आणि लगेच त्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

झालं असं की, ख्रिस रॉक या कृष्णवर्णीय विनोदवीराचं वंशावरचं भाषण मायकलने ऑफिसात म्हणून दाखवलं. तक्रार वर गेली. मुख्य कचेरीने शिकवणी घ्यायला मिस्टर ब्राउन नावाचे कृष्णवर्णीय प्रशिक्षक पाठवले. नाव ऐकताच साहेब सावध! ही आपली पहिली परीक्षाच असणार, मी तुम्हाला या नावाने हाक मारणार नाही, असं त्याने त्यांना बजावलं. आता बिचाऱ्याचं आडनावच ते. शेवटी ब्राउन स्पष्टच सांगतात की कंपनीला सही फक्त तुमची हवी होती. बाकीच्यांना बसवलं ते तुमची अब्रू झाकायला. साहेब सही ठोकतात, तीही कार्टूनमधल्या बदकाच्या नावाने: ‘डॅफी डक’.

एवढ्यावर गप्प बसेल तर तो लाडका साहेब कसला? तो स्वतःचाच वर्ग भरवतो. आपल्या अंगात दोन पंधरांश रक्त अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं आहे, असंही जाहीर करतो. आई-बापांकडून निम्मं-निम्मं येणाऱ्या रक्ताचे पंधरा वाटे कोणत्या तलाठ्याने पाडले, देव जाणे. मग प्रत्येकाच्या कपाळावर एकेका वंशाचं किंवा देशाचं नाव लिहिलेलं कार्ड. समोरच्याने त्या समाजाबद्दल जे बरंवाईट ऐकलंय त्याप्रमाणे वागायचं आणि कार्डवाल्याने आपण कोण ते ओळखायचं. साहेबांच्या स्वतःच्या कपाळावर मार्टिन ल्यूथर किंग. नम्रता पाहा!

तेवढ्यात ऑफिसातलीच भारतीय वंशाची केली कपूर आत येते. (ही भूमिका करणारी मिंडी केलिंग मालिकेच्या लेखकांपैकीच एक.) मायकल तिच्यासमोर भारतीय दुकानदाराच्या उच्चारांची नक्कल करू लागतो. ती क्षणभर बघते आणि सणसणीत कानाखाली वाजवते. साहेबांच्या डोळ्यांत पाणी. पण हार मानतील तर शपथ: अल्पसंख्याक असणं म्हणजे काय हे आता हिला कळलं, म्हणतात! त्या खोलीत काहीतरी शिकायची गरज एकट्यालाच होती आणि तो एकटाच गुरुजी होऊन उभा होता.

या सगळ्या गोंधळात जिम नावाच्या विक्रेत्याचं वर्षातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक शेजारचा ड्वाइट पळवतो. मला हा प्रसंग त्या थपडेइतकाच महत्त्वाचा वाटतो. खडूस साहेब तुमचं नुकसान ठरवून करतो, निदान त्याच्याशी भांडता तरी येतं. मनमिळाऊ साहेब तुमच्या भल्यासाठी मीटिंग घेतो आणि कमिशन जातं तुमचं.

वीस-बावीस मिनिटांचा हा भाग जरूर बघा. फक्त साहेबांना त्याची लिंक पाठवू नका. ते पोट धरधरून हसतील, दुसऱ्या दिवशी तुमच्या टेबलावर बसतील आणि म्हणतील, “अरे, हा तर हुबेहूब आमच्या जुन्या साहेबांसारखा!”