काडीपेटी गेटावर, काडी आत

आमच्या जिनिंगमधल्या काडीवाल्या भाऊंस,


भाऊ, गेटावरचा वॉचमन येणाऱ्या-जाणाऱ्याचे खिसे चाचपतो. विडी, आगपेटी, लायटर, सगळं काढून ठेवतो. आपण मात्र सबंध हंगाम रोज काडी तोंडात घेऊन आत आलात आणि एकदाही सापडला नाहीत. एवढी कला अंगी असून आपला सत्कार कुणी केला नाही, ते राहिलेलं काम मी उरकतोय.

नाव लिहीत नाही. मानवतच्या मोंढ्यात ज्या ज्या आडतीवर, ज्या ज्या ऑफिसात हे पत्र वाचलं जाईल, तिथं चार जणांची नजर आपोआप एका खुर्चीकडं जाईल.

आधी पराक्रमाची नोंद. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यावर गेली होती. मी काट्यावर. भरलेली गाडी आधी काट्यावर यायची, वजन व्हायचं, मग ग्रेडर वर चढून ओलावा बघायचा. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर कपात, १२ च्या पुढं गाडी परत. गाडी परत म्हणजे माझी काटापट्टी रद्द आणि रजिस्टरात आडवी रेघ. दिवसाला सात-आठ रेघा. संध्याकाळी शेठ विचारणार, ही खाडाखोड कसली? मी ग्रेडरला म्हटलं, "आधी बघत जा की, मग पाठव काट्यावर." तो म्हणाला, "जमत नाही." झालं. भांडण म्हणावं तर एवढंच.

त्यावर माडी आपण चढवलीत. दुपारच्या चहाला माझ्याकडं येऊन म्हणालात, "मला काय करायचंय, पण कानावर आलं ते सांगतो. तो म्हणतो, काटाबाबू काटा मारतो." तोच चहा ओठावर वाळायच्या आत ग्रेडरकडं, "मला काय करायचंय, पण काट्यावर बोलतात, चहापाणी मिळाल्याबिगर तुम्ही गाडी पास करत नाही." भाऊ, काही करायचं नसताना आपण जेवढं केलंत, त्याच्या निम्मं पगाराच्या कामात केलं असतं तर प्रेसमधून चार गाठी जास्त निघाल्या असत्या.

दोन महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्याच्या चिठ्ठ्या हमालाच्या हाती माझ्याकडं यायच्या. हमालांतही दोन पार्ट्या पडल्या. शेठनी दोघांना बोलावलं, "समजुतीनं घ्या रे" म्हणाले आणि फोन उचलला. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथं तक्रार निवारण समिती असावी, तीत मालकाची आणि कामगारांची माणसं सारखी असावीत, असा कायदा आहे. आमच्याकडंही समिती आहे. कागदावर. आणि तिचे सदस्य कोण, हे आपल्याला मी काय सांगावं!

कापसात काम करणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. खडा किंवा लोखंडाचा तुकडा जिनमध्ये गेला की ठिणगी उडते. ती रुईबरोबर १७० किलोच्या गाठीत बांधली गेली, तर गाठ वरून पांढरीशुभ्र दिसते आणि आतून दिवसेंदिवस धुमसत राहते. वरून पाणी मारून भागत नाही, पट्ट्या तोडून गाठ फोडावी लागते. शेठची समजूत म्हणजे वरून मारलेलं पाणी.

गाठ फुटली ती मेव्हण्याच्या लग्नाला आपण चार दिवस रजेवर गेलात तेव्हा. इकडच्या बातम्या तिकडं न्यायला कुणी नाही, म्हणून ग्रेडर स्वतःच आला. मी विचारलं, "कामून जमत नाही, ते तरी सांग." तो म्हणाला, रांगेत शेतकरी चहूकडून हात ओढतात, मागच्या वर्षी रेटारेटीत ट्रॉलीवरून पडलो, हात मोडला, काट्यावर गाडी एकटी असते. हे मला माहीतच नव्हतं. माझ्या रेघांचं दुखणं त्याला माहीत नव्हतं. मग काट्याच्या वीस पावलं अलीकडं साखळी लावली. साखळीच्या आत एकच गाडी, तिथंच तिचा ओलावा बघायचा. खर्च एक साखळी.

अमेरिकेत मेरी पार्कर फॉलेट या बाईंनी १९२५ साली असाच किस्सा सांगितला होता. ग्रंथालयात एकाला खिडकी उघडी हवी, बाईंना बंद. त्याला हवा हवी होती, बाईंना अंगावर वारा नको होता. शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली, प्रश्न मिटला. बाई नशीबवान, चहा घेऊन फिरणारं तिसरं माणूस तिथं नव्हतं.

आता हेही खरं, की सगळीच भांडणं चहावर मिटत नाहीत. हमालीच्या दराचं भांडण हे पोटाचं भांडण. १९१८ साली अहमदाबादच्या गिरण्यांत मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई आणि कामगारांच्या बाजूनं त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. कामगार ३५ टक्के वाढ मागत होते, मालक २० वर अडून. तोड निघाली ती अशी: पहिल्या दिवशी ३५, दुसऱ्या दिवशी २०, पुढं लवादाचा निकाल येईपर्यंत साडेसत्तावीस. दोघांचाही शब्द एकेक दिवस राहिला, आणि लवादानं शेवटी ३५ च दिले. भांडण कडक होतं, पण पैशाचं होतं ते पैशाचंच राहिलं. आमच्या हमालांनी दर मागितला तेव्हा आपण दोन दिवसांत त्याचं जातीचं करून दाखवलंत. माझं आणि ग्रेडरचं मी हसून सोडलं. हे सोडणार नाही.

परवा आपण काट्यावर आलात. "मला काय करायचंय..." एवढं म्हणालात आणि मी साखळीपाशी उभ्या ग्रेडरला हाक मारली, "ये रे, भाऊ काहीतरी सांगतायत." आपण अर्धा चहा टाकून निघून गेलात. कप अजून काट्याच्या खिडकीत आहे. चहाचे दहा रुपये माझ्या खात्यावर लागलेत. तेवढे पाठवून द्या. कुणाच्या हाती नको, स्वतः आणून द्या.

आपला,
काटाबाबू