व्हॅनमधली हवा कशी काढावी

प्रथम अभिनंदन! तुम्ही फोक्सवॅगनची जुनी ‘टी-थ्री’ घेतलीत. अमेरिकेत राहत असाल तर तिथे तिला व्हॅनॅगन म्हणतात. आत पलंग, शेगडी, वर उचलणारं छप्पर, सगळं पाहून तुम्ही भुललात. विकणारा जाता जाता म्हणाला असेल, “कधीमधी थोडी तापते.” हे मार्गदर्शन त्या एका वाक्याबद्दल आहे.

आधी थोडा इतिहास, म्हणजे राग योग्य माणसांवर काढता येईल. बीटलच्या काळापासून या कंपनीने एकच गोष्ट मिरवली: आमच्या इंजिनाला गार व्हायला पाणी लागत नाही, हवा पुरते. मग 1982 मध्ये टी-थ्रीचं पेट्रोल इंजिनही पाण्यावर आलं. इंजिन होतं तिथेच, मागे राहिलं आणि रेडिएटर बसला पार पुढे, नाकाशी. गाडी साडेचार मीटरहून लांब. कूलंटने गाडीच्या पोटाखालच्या नळ्यांतून पुढे जायचं, गार व्हायचं आणि परत मागे यायचं. सगळं मिळून साधारण 17 लिटर. ज्या हवेचे इतके गोडवे गायले तीच या नळ्यांत अडकते आणि आता स्क्रू उघडून बाहेर काढायची.

लक्षणं सोपी आहेत. हीटर पूर्ण उघडा आणि तरी थंडगार वारा. डॅशबोर्डच्या मागून गुळगुळ आवाज. सोसायटीची टाकी धुतल्यावर नळ नुसताच फुसफुसतो आणि प्लंबर म्हणतो, “लाइनीने एअर धरलीय.” तोच हा प्रकार. पंपाचं पातं पाणी ढकलू शकतं, हवा ढकलता ढकलता नुसतं गरगरतं. जिथे पाणी पोचत नाही तिथला धातू भाजतो. याहून वाईट म्हणजे, तापमान मोजणारा सेन्सरच हवेच्या फुग्यात सापडला तर काटा निवांत पडून राहतो आणि इंजिन मात्र उकळत असतं. काटा खाली आहे म्हणून निर्धास्त होऊ नका.

साहित्य: फॉस्फेट नसलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं. जॅक. भक्कम स्टँड (विटा चालणार नाहीत, तुमचं विटांवर कितीही प्रेम असो). आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून गप्प बसू शकेल असा एक नातेवाईक. पहिल्या तीन वस्तू बाजारात मिळतात.

इंजिन पूर्ण गार असताना सुरुवात करा. गरम असताना झाकण उघडलं तर दाबाखाली कोंडलेलं कूलंट थेट तोंडावर येतं. इथे थट्टा नाही.

आता गाडीचं नाक सुमारे 40 सेंटीमीटर उचला. हवा नेहमी वर जाते. रेडिएटरच सर्वांत उंच केला की ती आपणहून तिथे गोळा होते. हीटरचे सगळे कॉक उघडा. मागच्या सीटखाली दुसरा हीटर असेल तर तोही, कारण नवशिके तो हमखास विसरतात. पुढची वरची जाळी काढली की रेडिएटरच्या माथ्याशी ब्लीड स्क्रू दिसेल, तो उघडा. इंजिनाकडचा ब्लीड व्हॉल्व्हही उघडा.

आता ओतायचं कुठे? नंबरप्लेटच्या मागे एक टाकी आहे. सोयीची, उघडायला सोपी, आणि चुकीची. ती नुसती राखीव साठ्याची. खरी टाकी इंजिनाच्या कप्प्यात आहे, निळ्या झाकणाची. तिच्यात काठोकाठ भरा, गाडी सुरू करा आणि नातेवाइकाला 2000 आरपीएमवर धरायला सांगा. तुम्ही ओतत राहा.

“झालं का गं ताई?”

“नाही.”

“आता?”

रेडिएटरच्या स्क्रूपाशी आधी नुसता सुस्कारा ऐकू येईल, मग थुंकल्यासारखे शिंतोडे, मग सलग धार. धार सलग होईपर्यंत स्क्रूला हात लावू नका. घाईत बंद केलेला स्क्रू हे अर्ध्या दुरुस्त्यांचं कारण असतं. खाली तसराळं ठेवाच. कूलंट चवीला गोड आणि कुत्र्या-मांजरांना जीवघेणं विषारी असतं; सांडलेलं तसंच सोडून जेवायला जाऊ नका.

आणि हिशोब ठेवा. गाडी पूर्ण रिकामी करून भरत असाल आणि 12 लिटरवरच टाकी भरलेली दिसली, तर खूश होऊ नका. उरलेले पाच लिटर म्हणजे हवाच. हा एक आकडा मॅन्युअलच्या चार पानांपेक्षा उपयोगी आहे. गॅरेजवाले हल्ली व्हॅक्यूमने आतली हवा ओढून घेतात आणि त्या पोकळीत कूलंट आपोआप शिरतं. काम मिनिटांत होतं. ते साधन भाड्याने मिळत असेल तर वरचं सगळं विसरलात तरी चालेल.

पण इतकं करूनही टाकीत बुडबुडे येतच राहिले तर? मग हवा अडकलेली नाही, ती तयार होतेय. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात शिरतोय. या इंजिनाच्या हेड गॅस्केटचा हा जुना आजार आहे. गाडीचं नाक कितीही उंच करा, काही उपयोग नाही. नातेवाइकाला सोडा आणि हेड उघडणारा मेकॅनिक गाठा.