नीलोफरच्या गाडीने

आमच्या जळगावकडे चाळीसगावचं नाव निघालं की केकी मूस यांची गोष्ट निघतेच. लोक सांगतात, मुंबईच्या स्टेशनवर निरोप घेताना त्यांची प्रेयसी नीलोफर म्हणाली, ‘एक दिवस पंजाब मेलने येईन आणि तुझ्याबरोबर जेवेन.’ मग हा पारशी कलावंत जवळपास पन्नास वर्षं चाळीसगाव स्टेशनजवळच्या दगडी बंगल्याबाहेर फारसा पडलाच नाही. रोज रात्री मेलच्या वेळेला दारं उघडायची, दिवे लावायचे, दोघांचं जेवण मांडायचं. हे ऐकून इतरांच्या डोळ्यांत पाणी येतं. मला लेख सुचतो. ‘थांबलेलं ताट’ असं शीर्षकही मी ठरवून टाकलं. बंगला बघायचा राहिला होता, एवढंच.

तो बघायचा तर नीलोफरच्याच गाडीने, म्हणून मुंबईहून परतताना पंजाब मेल धरली. तिकीट जळगावचं, उतरलो चाळीसगावला, मध्यरात्र उलटून गेल्यावर. घरी फोन केला.

“मी चाळीसगावला उतरलोय.”

“कशाला?”

“कलेसाठी.”

“बरं. मी दाराला आतून कडी लावून घेते.”

स्टेशनाबाहेर थोडं चालल्यावर दगडी भिंत दिसली. मोडकं दार, वर उगवलेला पिंपळ. अगदी लेखाला हवं तसं! मोबाइलचा उजेड पाडत आत शिरलो. कोपऱ्यात तीन पायांचं टेबल. हेच ते! माझा गळा दाटून आला. वहीत ‘एकाकी टेबल’ असं लिहिलं, भारावून दोन पावलं मागे सरलो, तो थेट एका बकरीवर. ती ओरडली, मी ओरडलो. जास्त जोरात मीच. आवाज ऐकून एक काका काठी घेऊन आले.

“आठे काय करी ऱ्हायनात भाऊ?”

“केकी मूस यांचा भूतकाळ शोधतोय.”

काकांनी आधी बकरीची चौकशी केली. मग म्हणाले, “हाई मन्या बकऱ्यास्नी जागा शे. मूस सायेबना बंगला तठे शे. सकायले उघडस.”

उरलेली रात्र फलाटावरच्या बाकावर काढली. दोघांचं जेवण राहू द्या, एकाचा चहाही मिळेना.

सकाळी बंगल्यात पाऊल ठेवलं आणि माझं शीर्षक उंबऱ्यातच पडलं. उजाड काही नव्हतंच. बंगल्याचं आता कलादालन झालं आहे. मूस यांचा जन्म 1912 चा, मुंबईचा. पंजाब मेलही त्याच वर्षी सुरू झाली, हा योगायोग मी लगेच वहीत टिपला. सवय जात नाही. विल्सन कॉलेजात शिकले, कलेच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि परत येऊन चाळीसगावात राहिले ते 31 डिसेंबर 1989 ला जाईपर्यंत. त्या चार भिंतींत त्यांनी चित्रं काढली, शिल्पं घडवली, कागदाला घड्या घालून आकार केले. पण नाव झालं ते टेबलटॉप फोटोग्राफीने. टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडायच्या, उजेड असा टाकायचा की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस दूर कुठे डोंगरात, बर्फात जाऊन आला. जाऊन कुठे आला होता? खोलीतून खोलीत! फोटोसमोर उभा राहून मी मांडणीतली चलाखी पकडायला बघत होतो आणि पुन्हा पुन्हा फसत होतो. रात्री तर मी साध्या टेबलालाही फसलो होतो, म्हणा.

ज्या टेबलापाशी गहिवरायला मी एवढा आलो, ते या घरातलं कामाचं टेबल होतं. वाट बघणारा माणूस दिवसभर काय करत असेल, हा प्रश्न आम्हा गोष्ट सांगणाऱ्यांना कधी पडलाच नाही.

मला विचाराल तर या गोष्टीने मूस यांच्यावर अन्यायच केला. नीलोफर आली नाही, हे खान्देशात पोरासोरांना ठाऊक आहे. त्यांच्या एका फोटोचं नाव विचारा, सगळे गप्प. कालपर्यंत मीही. तेव्हा चाळीसगावला जाल तर दिवसाच्या गाडीने जा, आणि आत शिरल्यावर आधी टेबलटॉपचे फोटो बघा. नीलोफरची चौकशी नंतर करा.